नाझी न्यायालयांत वकिली करत राहणं हा प्रतिकार असू शकतो का? अर्न्स्ट फ्रेंकेल यांच्याविषयी

प्रश्न एलएलएमच्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात सांगायचं तर असा: अर्न्स्ट फ्रेंकेल ज्यू होते, समाजवादी होते, कामगार संघटनांचे वकील होते. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना देश सोडावा लागला. फ्रेंकेल मात्र 1938 पर्यंत बर्लिनमध्येच राहिले आणि नाझी राजवटीच्या न्यायालयांत अशिलांसाठी उभे राहत होते. मग त्यांना ‘नाझीवादाचा प्रतिकार करणारे राज्यशास्त्रज्ञ’ कशाच्या आधारे म्हणायचं? त्या न्यायालयांत हजर राहून त्यांनी त्या व्यवस्थेची अब्रूच वाचवली, असं कुणी म्हटलं तर प्रबंधिकेत काय उत्तर द्यायचं?

मी बरीच वर्षं कामगार न्यायालयात आणि औद्योगिक न्यायालयात वकिली केली, मधूनमधून स्थानबद्धतेच्या आदेशांविरुद्धच्या याचिकाही चालवल्या. आता विधी महाविद्यालयात शिकवते. फ्रेंकेल यांचं ‘द ड्युअल स्टेट’ (दुहेरी राज्य) हे पुस्तक मी एका वकिलाने लिहिलेलं पुस्तक म्हणूनच वाचत आले आहे, त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूला झुकलेलं असणार हे आधीच सांगते.

तुमचा प्रश्न मला जरा वेगळ्या शब्दांत मांडावासा वाटतो. ‘सहभाग की प्रतिकार’ असे दोनच कप्पे केले की फ्रेंकेल कुठल्याच कप्प्यात नीट बसत नाहीत आणि आपण त्यांचं आयुष्य ओढूनताणून एका बाजूला सरकवतो. खरा प्रश्न असा आहे: ज्या देशात काही प्रकरणं अजून कायद्याने चालतात आणि काही प्रकरणांत कायदा दारातच थांबतो, तिथे कायदा जाणणाऱ्या माणसाने आपल्या ज्ञानाचं काय करायचं? फ्रेंकेल यांनी पाच वर्षं या प्रश्नाचं उत्तर रोजच्या कामातून दिलं. नंतर तेच उत्तर पुस्तकात लिहिलं. राज्यशास्त्रज्ञ ते झाले ते या पाच वर्षांमुळे, असं माझं ठाम मत आहे.

थोडी पार्श्वभूमी लागेल. जन्म 26 डिसेंबर 1898, कोलोन. आईवडील लवकर गेले, मग फ्रँकफुर्टला नातेवाइकांकडे राहिले. 1916 मध्ये स्वतःहून सैन्यात भरती झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं अडणार आहे. युद्धानंतर फ्रँकफुर्ट विद्यापीठात कायदा शिकले ते ह्यूगो झिन्ट्सहायमर यांच्याकडे. जर्मन कामगार कायद्याचा पाया ज्यांनी घातला त्यांच्यात झिन्ट्सहायमर यांचं नाव सर्वांत आधी घ्यावं लागतं. वायमार संविधानातल्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाच्या संविधानातल्या, कामगारविषयक तरतुदींवर त्यांचा ठसा आहे. त्यांच्या हाताखाली एक अख्खी पिढी तयार झाली. त्यात फ्रेंकेल होते, फ्रान्झ नॉयमान होते, ऑटो कान-फ्रॉइंड होते. कामगार कायद्याच्या या मुशीला मी फार महत्त्व देते. मालक आणि कामगार यांच्यातला करार कागदावर दोन समान पक्षांमधला असतो, प्रत्यक्षात एकाच्या हातात चूल पेटती ठेवण्याची ताकद असते. कामगार वकील पहिल्या दिवसापासून कायद्याचा मजकूर आणि कायद्याचा व्यवहार यांच्यातली फट पाहायला शिकतो. फ्रेंकेल यांनी 1927 मध्येच न्यायदानातल्या वर्गीय पक्षपातावर एक पुस्तिका लिहिली होती. न्यायाधीश लाचखोर असतात असा त्यांचा आरोप नव्हता. न्यायाधीश प्रामाणिक असूनही त्यांच्या वर्गाची नजर निकालात कशी उतरते, ते त्यांना दाखवायचं होतं.

बर्लिनमध्ये ते धातुकामगारांच्या संघटनेचे कायदा सल्लागार झाले. नॉयमान बांधकाम कामगारांच्या संघटनेचे. दोघांचं कार्यालय एकत्र होतं, आल्टे याकोबश्ट्रासवरच्या धातुकामगारांच्या नव्या इमारतीत. एरिख मेंडेलझोन या वास्तुविशारदाने उभारलेली ती इमारत आजही तिथे आहे. 1932 च्या अखेरीस, संसद पार खिळखिळी झालेली असताना, फ्रेंकेल यांनी एक सूचना मांडली: संसदेला चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, पाडायचा असेल तर त्याच वेळी नवा चान्सलर निवडून द्यावा लागेल, नुसतं पाडता येणार नाही. तेव्हा कुणी ऐकलं नाही. 1949 च्या पश्चिम जर्मन संविधानाच्या कलम 67 मध्ये हीच कल्पना आली.

आता 1933. 27 फेब्रुवारीच्या रात्री राइशटागची, म्हणजे जर्मन संसदेची, इमारत पेटली. दुसऱ्या दिवशी, 28 फेब्रुवारीला, राष्ट्राध्यक्षांच्या सहीने आणीबाणीचा हुकूम निघाला. व्यक्तिस्वातंत्र्य, घराची सुरक्षितता, पत्रांची गुप्तता, भाषण, सभा, संघटना, मालमत्ता या सगळ्यांची संविधानातली हमी ‘पुढील सूचनेपर्यंत’ स्थगित. ती पुढील सूचना बारा वर्षं आली नाही. 2 मे रोजी कामगार संघटनांची कार्यालयं नाझी टोळ्यांनी ताब्यात घेतली, त्यात आल्टे याकोबश्ट्रासची इमारतही होती. नॉयमान यांना अटक झाली, सुटल्यावर ते लंडनला निघून गेले. कान-फ्रॉइंड बर्लिनच्या कामगार न्यायालयात न्यायाधीश होते; कम्युनिस्ट ठरवून काढून टाकलेल्या रेडिओ केंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने त्यांनी निकाल दिला आणि त्यांचं न्यायाधीशपद गेलं. झिन्ट्सहायमर नेदरलँड्सला गेले.

फ्रेंकेल यांची सनद मात्र राहिली. 7 एप्रिल 1933 च्या कायद्याने ज्यू वकिलांच्या सनदा काढून घेण्याची सोय केली होती, पण दोन अपवाद ठेवले होते: 1 ऑगस्ट 1914 पूर्वी सनद मिळालेले वकील, आणि महायुद्धात आघाडीवर लढलेले. फ्रेंकेल दुसऱ्या अपवादात बसले. सतराव्या वर्षी सैन्यात गेलेल्या मुलामुळे चौतिसाव्या वर्षीच्या वकिलाची सनद वाचली.

इथे परिस्थितीवर काय काय अवलंबून होतं ते मोकळेपणाने सांगायला हवं. न्यायालयात राहून काही साधता येतं की नाही याचं एकच उत्तर नाही. वर्ष कोणतं यावर ते अवलंबून होतं. 1934 मध्ये जो युक्तिवाद चालून जाई तो 1937 मध्ये चालला असता असं नाही. अशील कोण यावर होतं. न्यायाधीश जुन्या वळणाचा आहे की पक्षाचा, गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, त्या माणसात किती रस आहे, प्रकरण वर्तमानपत्रांत आलं आहे का, या सगळ्यावर होतं. आणि वकील कोण, यावरही. हान्स लिटेन यांचं उदाहरण पाहा. 1931 मध्ये बर्लिनच्या एका खटल्यात त्यांनी हिटलरला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घेतली होती. राइशटाग जळाली त्याच रात्री त्यांना उचललं. एका छळछावणीतून दुसरीत असं करत 5 फेब्रुवारी 1938 ला डाखाउमध्ये त्यांचा शेवट झाला. लिटेन यांना ‘आत राहून काम करण्याचा’ पर्यायच मिळाला नाही. म्हणून फ्रेंकेल राहिले हे योग्य आणि नॉयमान गेले हे अयोग्य, किंवा उलट, असा निवाडा प्रबंधिकेत करू नका. प्रत्येकाच्या पायाखालची जमीन वेगळी होती.

मग फ्रेंकेल न्यायालयात नेमकं काय करत होते? सगळ्या उत्तराचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्थानबद्धतेची प्रकरणं चालवताना एक गोष्ट वकिलाच्या अंगात मुरते. फौजदारी खटल्यातला आरोपी असेल तर त्याच्या घरच्यांना सांगण्यासारखं काहीतरी असतं: तारीख आहे, जामिनाचा अर्ज आहे, दोषारोप कोणता ते कागदावर आहे, शिक्षा झाली तरी ती किती वर्षांची ते ठरलेलं आहे, अपील आहे. स्थानबद्धतेत माणूस केलेल्या गुन्ह्यासाठी आत नसतो, पुढे तो काय करील या अंदाजासाठी असतो. आपल्याकडे त्यालाही मुदत आहे, सल्लागार मंडळ आहे, उच्च न्यायालयात दाद आहे. तरी त्या आदेशापुढे वकिलाचे हात किती आखडतात ते मी अनुभवलं आहे. आता यातलं काहीच नाही अशी कल्पना करा. मुदत नाही, कारण सांगण्याचं बंधन नाही, मंडळ नाही, दाद नाही. नाझी जर्मनीत त्याला ‘संरक्षक कोठडी’ म्हणत आणि ती कोठडी म्हणजे छळछावणी. तिचा कायदेशीर आधार होता तोच 28 फेब्रुवारीचा हुकूम. 10 फेब्रुवारी 1936 च्या प्रशियाच्या गेस्टापो कायद्याने तर कलम 7 मध्ये साफ लिहून टाकलं की गेस्टापोचे आदेश आणि कामकाज प्रशासकीय न्यायालयांच्या तपासणीच्या बाहेर आहे.

अशा ठिकाणी राजकीय अशिलाच्या वकिलाचं उद्दिष्टच उलटं होतं. एरवी वकील सुटकेसाठी झटतो. इथे निर्दोष सुटलेला माणूस न्यायालयाच्या दारातून थेट गेस्टापोच्या गाडीत जाऊ शकत होता. मार्टिन नीमोलर या पाद्र्यांचं प्रकरण सर्वांना माहीत आहे: 2 मार्च 1938 ला बर्लिनच्या विशेष न्यायालयाने त्यांना सात महिन्यांची सौम्य शिक्षा दिली, ती कोठडीत भोगून झालीच होती, म्हणजे ते मोकळे झाले. गेस्टापोने त्यांना तिथूनच झाक्सेनहाउझेनच्या छावणीत नेलं आणि 1945 पर्यंत ते सुटले नाहीत. म्हणून फ्रेंकेल आणि त्यांच्यासारखे काही वकील कित्येकदा या खटपटीत असत की आपल्या अशिलाला न्यायालयाकडून रीतसर शिक्षा व्हावी. तुरुंगात नाव नोंदलेलं असे, मुदत ठरलेली असे, तुरुंगाधिकारी नियमाने बांधलेला असे. माणूस हुकमाच्या हातात पडू नये म्हणून त्याला कायद्याच्या हातात ठेवायचं. हे त्यांनी स्वतः म्हातारपणी, पुस्तकाच्या जर्मन आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितलं आहे.

आता तुमचा आक्षेप पुन्हा पाहा. याने व्यवस्थेची अब्रू वाचली का? काही अंशी वाचली असेल. ज्यू वकील न्यायालयात उभा आहे हे दृश्य परदेशी पत्रकाराला दाखवता येत होतं. पण पलीकडच्या पारड्यात जिवंत माणसं होती, नावागावासकट. फ्रेंकेल यांच्या जागी उभं राहून मला विचाराल तर अशिलाला छावणीऐवजी तुरुंगात ठेवण्याची संधी हातात असताना तत्त्वासाठी ती सोडणं मला जमलं नसतं. याच्याशी असहमत होणारे विचारी लोक आहेत, आणि त्यांचा मुद्दा तुमच्या प्रबंधिकेत यायलाच हवा.

फक्त एवढंच असतं तर फ्रेंकेल यांना धाडसी वकील म्हणून थांबता आलं असतं. पण दिवसा वकिली करणारा हा माणूस दुसऱ्या बाजूने भूमिगत कामातही होता. ‘आंतरराष्ट्रीय समाजवादी संघर्ष संघ’ नावाची एक लहान, अतिशय शिस्तबद्ध संघटना होती. लेओनार्ड नेल्सन या तत्त्वज्ञांच्या शिकवणीतून ती निघाली. तिचे सभासद मांस आणि दारू वर्ज्य मानत; निरनिराळ्या शहरांत त्यांनी शाकाहारी भोजनालयं चालवली, ज्यातून पैसा उभा राही आणि भेटीगाठींना आडोसाही मिळे. मे 1935 मध्ये फ्रँकफुर्ट ते डार्मश्टाट या नव्या महामार्गाच्या उद्घाटनाच्या आदल्या रात्री याच लोकांनी रस्त्यावर आणि पुलांवर हिटलरविरोधी घोषणा रंगवल्या होत्या. फ्रेंकेल या संघटनेसाठी टोपणनावाने लिहीत. बेकायदा काम करायचं तर ते कशासाठी, याविषयीचा त्यांचा लेख 1935 चा आहे. हिटलरच्या राजवटीविषयीचा ‘तिसरं राइश हे दुहेरी राज्य’ हा लेख 1937 मध्ये संघटनेच्या परदेशातून निघणाऱ्या नियतकालिकात टोपणनावाने आला. म्हणजे पुस्तकाचं बीज भूमिगत वाङ्मयात आहे. ते लेख पकडले गेले असते तर सनद वगैरे बाजूलाच, डोकं गेलं असतं. ‘प्रतिकार’ या शब्दाची कडक व्याख्या हवी असेल तर हा पुरावा तिच्यातही बसतो.

आता पुस्तक. 1936 पासून फ्रेंकेल बर्लिनमध्येच एक हस्तलिखित तयार करत होते. साहित्य दोन ठिकाणांहून येत होतं: स्वतःच्या खटल्यांतून आणि प्रकाशित निकालपत्रांतून. निकाल छापलेले होते, ग्रंथालयात होते, कुणालाही वाचता येत होते. गुप्त कागदपत्रं चोरायची गरज नव्हती. राजवट काय करते ते तिच्याच न्यायाधीशांनी सह्या करून लिहून ठेवलं होतं. ते ओळीने लावून वाचणारा कुणी हवा होता. हे हस्तलिखित फ्रेंच दूतावासाच्या राजनैतिक टपालातून देशाबाहेर गेलं.

त्यांचा सिद्धांत असा: हिटलरच्या जर्मनीत एकाच वेळी दोन राज्यं नांदत होती. एक नियमांचं राज्य, जिथे कायदे, निकाल, प्रशासनाचे पायंडे अजून चालत होते. दुसरं हुकमाचं राज्य, जिथे कुठल्याही कायदेशीर हमीशिवाय मनमानी आणि हिंसा चालत होती. कुठलं प्रकरण कुठल्या राज्यात जाणार हे कोण ठरवणार? हुकमाचं राज्य. एखादी गोष्ट ‘राजकीय’ आहे असं राजकीय सत्तेने म्हटलं की ती राजकीय झाली, न्यायालयाने तिथून हात काढून घ्यायचा. पुस्तकाचं पहिलंच प्रतिपादन असं आहे की तिसऱ्या राइशचं संविधान म्हणजे वेढ्याची स्थिती (कायमची आणीबाणी), आणि त्या संविधानाची सनद म्हणजे 28 फेब्रुवारी 1933 चा हुकूम.

हे नुसतं वाचून पटत नाही, निकाल पाहिले की पटतं. विद्यार्थ्यांना मी दोन निकाल नेहमी सांगते.

पहिला कॅथलिक तरुण संघटनांबाबतचा. 28 फेब्रुवारीच्या हुकमाच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं की तो कम्युनिस्टांच्या हिंसक कृत्यांपासून राज्याच्या बचावासाठी आहे. मग तो कॅथलिक चर्चच्या तरुणांना कसा लागू होणार? बर्लिनच्या वरिष्ठ न्यायालयाने 1935 मध्ये तो लागू केला. तर्क असा की धर्मभेद ठळकपणे मिरवण्याने लोकांत फूट पडते, फुटीचा फायदा कम्युनिस्टांना होऊ शकतो, म्हणून हा अप्रत्यक्ष कम्युनिस्ट धोका. कम्युनिस्टांशी उभा दावा असलेले कॅथलिक कम्युनिस्टविरोधी हुकमात सापडले. एकदा ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द आत आला की त्या हुकमाला कुठेच कुंपण उरलं नाही.

दुसरा निकाल 1936 चा, सर्वोच्च न्यायालयाचा, आणि तो मला जास्त हादरवतो, कारण तो साध्या करारभंगाचा आहे. उफा या चित्रपट कंपनीने एरिक शारेल या दिग्दर्शकाशी करार केला होता. आजारपण, मृत्यू किंवा तशाच कारणाने काम करता आलं नाही तर कंपनीला करार सोडता येईल, असं एक कलम त्यात होतं. शारेल ज्यू होते. 1933 मध्ये कंपनीने करार सोडला. न्यायालयाने म्हटलं की ज्यू असणं हे त्या कलमातल्या कारणांसारखंच आहे. म्हणजे आजार किंवा मृत्यू यांच्या रांगेत. करार, व्यापारचिन्हं, देणी-घेणी हे नियमांच्या राज्याचं सर्वांत सुरक्षित अंगण मानलं जाई. तिथेही ज्यू माणसासाठी जमीन उरली नव्हती. हा निकाल युद्धाच्या तीन वर्षं आधीचा आहे. त्यात पुढचं सगळं वाचता येतं.

फ्रेंकेल यांनी आणखी एक अवघड प्रश्न विचारला: हुकमाचं राज्य एवढं बलवान होतं तर त्याने नियमांचं राज्य शिल्लक का ठेवलं? उत्तर त्यांनी अर्थव्यवस्थेत शोधलं. कारखानदाराला उद्याचा हिशेब आज मांडता आला पाहिजे. करार पाळले जातील, मालमत्ता टिकेल, स्पर्धेचे नियम राहतील याची खात्री हवी. ती खात्री मालकांना मिळाली. कामगारांना मात्र 20 जानेवारी 1934 चा कायदा मिळाला, ज्यात मालक कारखान्याचा ‘नेता’ आणि कामगार त्याचे ‘अनुयायी’ झाले, संघटना तर आधीच मोडल्या होत्या. कामगार वकिलालाच हे इतकं स्वच्छ दिसू शकतं, असं मला वाटतं. नॉयमान यांचं मत वेगळं होतं. 1942 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी म्हटलं की नाझी जर्मनीत राज्य म्हणावं असं काही उरलंच नव्हतं, पक्ष, सैन्य, नोकरशाही आणि उद्योग या चार टोळ्या आपसात थेट सौदे करत होत्या. एकाच कार्यालयात बसलेले दोन मित्र, एकाच शिक्षकाचे विद्यार्थी, आणि निष्कर्ष असे दोन दिशांना. तुमच्या प्रबंधिकेत एक स्वतंत्र प्रकरण या वादाला द्या. माझा स्वतःचा कल फ्रेंकेल यांच्याकडे आहे, निदान 1938 पर्यंतच्या काळापुरता. युद्ध सुरू झाल्यानंतरच्या जर्मनीला, विशेषतः पूर्वेकडे जिंकलेल्या प्रदेशांना, नॉयमान यांचं वर्णन जास्त लागू पडतं.

सप्टेंबर 1938 मध्ये अटक होणार असल्याची सूचना मिळाली आणि फ्रेंकेल पत्नी हान्ना यांच्यासह लंडनला गेले, तिथून अमेरिकेला. 27 सप्टेंबरलाच ज्यू वकिलांच्या उरलेल्या सनदाही संपवणारा हुकूम निघाला. चाळिशीला टेकलेल्या या माणसाने शिकागोत पुन्हा विद्यार्थी होऊन अमेरिकन कायद्याची पदवी घेतली. पुस्तक 1941 मध्ये इंग्रजीत आलं, भाषांतर मुख्यतः एडवर्ड शिल्स यांचं. जर्मन वाचकाला ते 1974 पर्यंत थांबून मिळालं, तेही इंग्रजीवरून उलट जर्मनमध्ये आणलेलं. बर्लिनमध्ये लिहिलेला मूळ जर्मन मसुदा 1999 मध्ये त्यांच्या समग्र लेखनात छापला गेला.

पुढचं थोडक्यात. युद्धानंतर ते अमेरिकन प्रशासनाचे कायदा सल्लागार म्हणून कोरियात होते. जर्मनीला परतायची त्यांची इच्छा नव्हती. ज्यूंचं जे झालं त्यानंतर का असावी? तरी 1951 मध्ये ते बर्लिनला आले, राजकारणाच्या उच्च विद्यालयात आणि मग फ्राय विद्यापीठात शिकवू लागले, आणि ‘राज्यशास्त्रज्ञ’ ही ओळख इथून सुरू होते. त्यांची या काळातली मुख्य मांडणी अशी की लोकहित आधीच कुठेतरी तयार ठेवलेलं नसतं. वेगवेगळे हितसंबंध उघडपणे भांडतात, तडजोड करतात, त्यातून ते शेवटी हाती लागतं. अट एकच: काही मूल्यं आणि भांडण्याचे नियम सर्वांना मान्य हवेत. जनतेची एकच इच्छा आहे आणि ती मलाच कळते असं म्हणणाऱ्याला दिलेलं हे उत्तर आहे. 30 जून 1934 ला हिटलरने स्वतःच्या पक्षातल्या आणि इतर विरोधकांचं हत्याकांड घडवलं; त्यानंतर मंत्रिमंडळाने एका वाक्याच्या कायद्याने ते कायदेशीर ठरवलं आणि कार्ल श्मिट यांच्यासारख्या नामवंत कायदेपंडिताने नेता हाच सर्वोच्च न्यायाधीश असल्याचं लिहिलं. फ्रेंकेल यांचा बहुविधतेचा आग्रह त्या पानांना समोर ठेवून वाचा, मग तो कोरडा वाटणार नाही. 28 मार्च 1975 ला बर्लिनमध्ये ते वारले.

आपल्याकडच्या आणीबाणीशी तुलना करावी का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. दुवा खरा आहे, पण तो जपून वापरा. 1949 मध्ये संविधान सभेत आणीबाणीच्या तरतुदींवर बोलताना ह. वि. कामत यांनी वायमार संविधानाचा दाखला देऊन इशारा दिला होता. 28 एप्रिल 1976 च्या जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने म्हटलं की राष्ट्रपतींचा आदेश लागू असताना स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयात येता येणार नाही; न्यायमूर्ती ह. रा. खन्ना एकटे विरोधात गेले. ‘इथे न्यायालयाने हात काढून घ्यायचा’ ही फ्रेंकेल यांनी दाखवलेली रेघ इथे ओळखू येते. पण त्याआधी अनेक उच्च न्यायालयांनी उलट निकाल दिले होते, आणि 1977 मध्ये निवडणुकीने सरकार गेलं. तुलना त्या एका कायदेशीर प्रश्नापुरती ठेवा. दोन राजवटी सारख्या होत्या असं एकही वाक्य लिहू नका.

आतापर्यंतचं एकत्र करून सांगते. फ्रेंकेल यांच्या प्रतिकाराला तीन अंगं होती: अशिलाला हुकमाच्या राज्यातून ओढून नियमांच्या राज्यात ठेवणं, टोपणनावाने भूमिगत लिहिणं, आणि दोन राज्यांमधली सीमा कुठून जाते त्याचा पुराव्यानिशी आलेख काढणं. तिन्ही कामं एकमेकांवर उभी होती. वकिली सोडली असती तर सीमा दिसली नसती, सीमा कळली नसती तर अशील वाचले नसते.

लिहायला सुरुवात कराल तेव्हा चरित्रापासून करू नका. आधी 28 फेब्रुवारीच्या हुकमाची सहाच कलमं वाचा, मग पुस्तकाचा पहिला भाग, म्हणजे कायदेव्यवस्थेवरचा. सिद्धांताचा दुसरा भाग त्यानंतर, आणि अर्थव्यवस्थेचा तिसरा भाग नॉयमान यांच्यासोबत. प्रकरणांची मांडणी वर्षांनुसार ठेवा, 1933, 1935, 1936, 1938, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर दरवर्षी थोडं बदलत होतं. शारेल निकालावरचा भाग लिहून झाला की इथेच टाका, मी वाचून सांगेन.